मोठ्या फलकाआड

मित्रांनो, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलात, की डाव्या हाताच्या दारावर मी दिसेन. म्हणजे, नीट पाहिलंत तर! मी एक जुनी लाकडी पाटी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटं. अंगावर एक नाव आणि खाली एकच शब्द : वकील.

मला घडवलं वकीलबाईंच्या वडिलांनी. ते रंगारी. आसपासच्या निम्म्या दुकानांचे फलक त्यांच्या हातचे. त्यांनी मला तीनदा घासलं, दोनदा रंगवलं आणि श्वास रोखून अक्षरं काढली. तरी मला दारावर ठोकताना त्यांचं तोंड उतरलेलंच होतं.

"एवढीशी पाटी? अगं, न्हाव्याचीसुद्धा याच्या चौपट असते!"

"बाबा, वकिलांना जाहिरात करायची मनाई आहे. लोकांना आपण बोलवायचं नाही, त्यांनी आपणहून यायचं."

"आणि नाही आले, तर? माशा मारत बसायचं?"

"संकटातला माणूस आधीच घाबरलेला असतो, बाबा. जो मोठ्यानं ओरडेल, त्याच्यामागे जातो. म्हणून आम्ही ओरडायचं नाही."

वडिलांनी शेवटचा खिळा ठोकला. पटलं मात्र नव्हतं.

बरीच वर्षं मी दारावर छान रमले. येणारी माणसं माझ्यावरचं नाव दोनदा वाचत, घसा साफ करत आणि मगच दार वाजवत. मग वकीलबाईंना बाळ झालं आणि त्या तीन महिने आल्याच नाहीत. कुलूपबंद दार पाहून वडिलांच्या जिवाला घोर लागला. पोरगी परत आल्यावर तिच्याकडे कोण येणार? आणि मित्रांनो, काळजीनं माणूस काय करेल, सांगता येत नाही! त्यांनी दारापेक्षा रुंद फलक रंगवला आणि थेट माझ्यावरच ठोकला. 'घटस्फोट, जमीन, अपघात! खात्रीनं जिंकून देऊ! आजच भेटा!'

मी अंधारात गेले. ओल धरली, माझा एक कोपरा फुगला.

एका सकाळी ओळखीची पावलं ऐकू आली. सोबत बाळाचं कुरकुरणं.

"बाबा! हे काय?"

"आवडलं ना?"

फलकाच्या फटीतून मी डोकावले. वकीलबाईंच्या हातात वकिलांच्या परिषदेचं पत्र होतं. या फलकाबद्दल कुणीतरी तक्रार केली होती. तुमची सनद का रद्द करू नये, असं विचारलं होतं. सनद म्हणजे वकिली करायची परवानगी. ती गेली, की इतक्या वर्षांचं शिक्षण पाण्यात! त्या पायरीवरच बसल्या. बाळ रडू लागलं, तसा त्यांचा हात आपोआप त्याच्या पाठीवर फिरू लागला.

वडिलांनी फलक उपटला. "सांग त्यांना, बापानं केलं म्हणून."

"दार माझं आहे, बाबा. उत्तर मीच देणार."

सुनावणीच्या दिवशी वडिलांनी मला जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि बाळाला घेऊन निघालेल्या लेकीच्या मागोमाग जाऊन परिषदेच्या टेबलावर उघडून ठेवलं.

"ही तिची पाटी. तो फलक माझा, तिला पत्ताही नव्हता. मी रंगारी माणूस. मला वाटलं, अक्षर मोठं तितकी माया मोठी."

समोरच्या वयस्कर बाईंनी चष्मा सावरला. "आणि खात्रीनं जिंकून देऊ, ही खात्री कुणी दिली तुम्हाला?"

"कुणी नाही. माझी मुलगी आहे ना ती."

बाईंनी माझ्या फुगलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चूक ती चूकच, आजोबा." वकीलबाईंना लेखी समज मिळाली. सनद मात्र राहिली.

बाहेर येताच वकीलबाईंनी बाळ वडिलांकडे दिलं. "धरा. मान सांभाळा." इतका वेळ थोपवलेलं पाणी तेव्हा आजोबांच्या डोळ्यांतून वाहिलं.

मी पुन्हा माझ्या जागी आले. मित्रांनो, माझ्यासारख्या पाट्यांवर ओला फडका फिरवू नका, कोरड्यानं हलकेच पुसा. आणि आपल्या माणसासाठी काही करायला हात शिवशिवले, तर आधी त्याला विचारा. घाईच्या मायेनं त्याचंच दार झाकलं जातं.

हल्ली आजोबा नातवंडाला मांडीवर घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसतात. परवा एक बाई घाबरत जिना चढून आल्या. "आजोबा, या वकीलबाई कशा आहेत हो?"

आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

"आत जा," ते म्हणाले, "त्यांच्याशीच बोला."