दोन फुटांची फट

मित्रांनो, माझ्या झाकणाला एका कोपऱ्यात पोचा आहे. बटणांच्या फटीत शेवेचे तुकडे अडकलेत, आणि माझा पंखा फिरायला लागला की शेजारच्या खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली असं वाटतं. पण माझ्या पोटात एक घर आहे. अख्खं घर! दारं, खिडक्या, जिना, सगळं. मी एक जुना लॅपटॉप. त्या घराची गोष्ट सांगायची म्हटलं तरी मला असा हुरूप येतो, की गोष्ट सुरू व्हायच्या आधीच पंखा गरगरू लागतो.

माझी पहिली वर्षं अकोल्यातल्या एका कचेरीत गेली. नवा होतो तेव्हा साहेब मला मऊ फडक्यानं पुसायचे, माझ्याजवळ कुणाला चहाचा कपही ठेवू द्यायचे नाहीत. दिवसभर माझ्यात आकडे भरले जायचे. नुसते आकडे. मग एक दिवस माझ्याहून सडपातळ, चकचकीत लॅपटॉप आला आणि मी लोखंडी कपाटात गेलो, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्यांखाली. तिथला अंधार मला सोसला. पण कुणी आपलं झाकणच उघडत नाही, हे सोसत नाही हो!

त्या कपाटातून मी अमरावतीला राजापेठेत पोचलो, किशोरभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात. आणि तिथं मला गीतांजली भेटली. कडेवर तिची लेक, आचल. आचलच्या हातात शेवेची पुडी.

"भाऊ, याच्यावर घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर चालन का?" तिनं विचारलं.

"चालन ताई," किशोरभाऊ म्हणाले, "पन पळनार नाई. दमानं घ्या लागन."

"पळाले मले तरी कुठं जमते? कडेवर हे पोट्टी आहे."

ती हसली, आणि शेवेचा पहिला तुकडा माझ्या बटणांत पडला. मी तिचा झालो.

आचल दुपारी झोपली की गीतांजली मला उघडायची. कुकर चढवलेला, एक कान शिट्टीकडे, एक कान पाळण्याकडे, आणि डोळे माझ्याकडे. शिकवायला कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं भिंत ओढली, ती पडद्याबाहेर निघून गेली. पलंग ठेवला, तो छताला जाऊन चिकटला. तेवढ्यात आचल जागी झाली आणि ओरडली, "आई, पलंग उडून राहिला!" मायलेकी हसून लोटपोट झाल्या. जिना काढला, तर तो वर जाऊन सरळ स्लॅबला धडकला. त्या जिन्यानं वर जाणाऱ्याचं डोकंच फुटलं असतं!

पण ती हटली नाही. पलंग उडतो, कारण जमिनीपासूनच्या उंचीच्या चौकटीत भलताच आकडा पडलाय. तिथं शून्य टाकलं की पलंग खाली उतरतो. जिना धडकतो, कारण वरच्या स्लॅबला आपण भोक पाडलंच नाही. हे तिला जमलं त्या दुपारी तिनं कणकेच्या हातांनी टाळी वाजवली. ती कणीक अजून माझ्या कडेला आहे. मला ती पदकासारखी वाटते.

आणि मित्रांनो, भिंतींची तर गंमतच! चारी भिंती एकमेकींना नीट भेटल्या की आत फरशी आपोआप पसरते. पाणी पसरावं तशी. पहिल्यांदा ती पसरली तेव्हा गीतांजली पुटपुटली, "झाली गं बाई खोली!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आकड्यांच्या कचेरीतला गडी. माझ्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी प्रथमच पाहिलं.

हे शिकणं हौसेचं होतं, पण हौसेपुरतं नव्हतं. तिचे सासरे उत्तमराव परतवाड्याच्या अलीकडे भाजीपाला पिकवतात. तिथं नवं घर बांधायचं ठरलं होतं. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"पाह्य गीता, आखजीले पाया खांदाचा आहे. देवराव मिस्त्री म्हनते, साऱ्या गावाचं केलं तसंच करू. समोर हॉल, मांगं दोन खोल्या. तोवर तुया नकाशा झाला तं तुया, नाई तं त्याचा."

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. हातात फार दिवस नव्हते. पण गीतांजलीला तो नकाशा जिंकायचाच होता, आणि त्याचं कारण होतं एक वट्टा, म्हणजे ओटा.

तिच्या सासूबाई, पार्बताबाई, रोज उन्हं कलली की अंगणात उकिडव्या बसून मेथीच्या अन् सांबाराच्या जुड्या बांधतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. उठताना जमिनीला हात टेकतात आणि "बाप्पा!" म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून गीतांजली ते "बाप्पा" ऐकत होती. तिला घरासमोर एक पडवी हवी होती, आणि पडवीत कमरेइतका उंच, दोन फूट रुंद वट्टा. बाजूला नळ. उभ्यानं जुड्या बांधायच्या, तिथंच धुवायच्या.

सॉफ्टवेअरच्या सामानात बाथटब होता, शेकोटी होती, पोहण्याचा तलावसुद्धा होता! सांबाराचा वट्टा कुठून असणार? मग तिनं काय केलं असेल? एक भिंतच घेतली. उंची कमरेइतकी केली, जाडी दोन फूट. झाला वट्टा! अशी युक्ती कचेरीतल्या एकाही साहेबाला सुचली नसती, असं मला तेव्हा वाटलं.

उत्तमरावांनी प्लॉटच्या चारी बाजूंची मापं कळवली. जागा चौकोनी होती आणि घर तिच्या कडेपर्यंत जायचं होतं. गीतांजलीनं मोठ्या उत्साहात पहिली भिंत काढली, काटकोनात दुसरी, मग तिसरी, मग चौथी. आणि चौथी भिंत पहिलीला भेटलीच नाही. मध्ये फट. दोन फुटांची.

तिनं पुसलं, पुन्हा काढलं. फट. कोपरा धरून ओढला, तर मागची भिंत तिरकी झाली आणि तिच्यावरचं दार आंधळ्यासारखं भलतीकडे उघडू लागलं. तिनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फट. माझा पंखा घरघरला, पडदा काळा झाला, आणि सगळा दोष माझ्यावर आला.

तिचा नवरा सागर कामावरून आला तो म्हणाला, "मी सांगतलं नव्हतं? हा डबा भंगारात दे."

"डबा नका म्हणू त्याले," गीतांजली म्हणाली. मित्रांनो, ते वाक्य मी जपून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा राजापेठेत. किशोरभाऊंनी माझा पंखा झटकला, त्यातून निघालेली शेव बघून म्हणाले, "ताई, यानं तं फराळ केला!" पडद्याचा काहीतरी बिघाड त्यांनी दुरुस्त केला. मी टुणटुणीत झालो. चित्र भराभर फिरू लागलं. पण फट तशीच होती.

मी काय करणार? मला तोंड नाही. फट दाखवणं हेच माझं बोलणं होतं. मी खरं तेच सांगत होतो, आणि सगळे मला आजारी समजत होते.

"मोठी बाजू छाट ना दोन फूट," सागर म्हणाला. "चौकोन होऊन जाते."

तिनं छाटली. मग खोल्या बसेनात. स्वयंपाकघर कमी करता येत नव्हतं, जिना तर मुळीच नाही. शेवटी एकच गोष्ट उरली, जी काढली की सगळं बसत होतं. तिनं वट्ट्यावर बाण नेला आणि बराच वेळ बोट उचललंच नाही. मग वट्टा पुसला. पण त्याआधी जुन्या नकाशाची एक नक्कल माझ्या पोटात ठेवली आणि तिला नाव दिलं, 'आत्याबाई'. सासूबाईंना ती याच नावानं हाक मारते.

आखजीच्या आदल्या दिवशी गीतांजली, आचल आणि मी शेतावर निघालो. मी आचलच्या कपड्यांच्या पिशवीत, दुपट्ट्यात गुंडाळलेला. तिथं पोचलो तेव्हा देवराव मिस्त्री चुन्याची पिशवी घेऊन कडुनिंबाखाली बसलेच होते. लिंबाखालीच खाट, खाटेवर मी. गीतांजली वट्ट्याशिवायचा नकाशा उघडणार, एवढ्यात वाफ्याकडून पार्बताबाईंचा आवाज आला.

"आवो, माया वांग्याची ठिबकची नळी कोनं तोडली? शेवटचे चार झाडं माना टाकून राहिले!"

"तोडली नाई, कापली," उत्तमराव म्हणाले. "दोन दिवसासाठी उसनी घेतली होती, वापस लावाची राह्यली."

"उसनी? वांग्याले इचारलं होतं?"

देवराव मिस्त्री चुन्याच्या पिशवीमागं तोंड लपवून हसले. उत्तमराव चिडले.

"प्लॉट मोजता मोजता शेवटच्या बाजूले कांद्याची नळी काटीत अटकून तुटली. म्हनून तुकडा जोडला. नळी ते नळी!"

"नळी ते नळी? कांद्याच्या नळीले पान्याच्या तोट्या दीड-दीड फुटावर, वांग्याच्या नळीले दोन-दोन फुटावर! माया वांग्याले प्यासं मारलं नं वरून..."

गीतांजलीचा हात माझ्यावर थबकला.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "तुमी प्लॉट ठिबकच्या नळीनं मोजला?"

"मंग? टेपासाठी परतवाड्याले कोन जाते? नळी हातातच होती. तोट्या मोजल्या, दिढीनं गुनलं. काहून?"

"अन् वांग्याच्या किती तोट्या जोडल्या?"

"चार."

"चार तोट्या, दर तोटीमागं अर्धा फूट..." ती ताडकन उठली. "दोन फूट! मामाजी, दोन फूट! ते बाजू लहान नाईच आहे! देवरावभाऊ, टेप काढा तुमचा!"

मग काय धावपळ! टेपाचं एक टोक उत्तमरावांकडे, दुसरं देवरावांकडे, मध्ये आचल टेपाखालून पळत होती. इकडे माझी बॅटरी म्हातारी. पडद्याच्या कोपऱ्यातलं तिचं चित्र लाल झालेलं. अजून थोडं टिक रे, मी स्वतःला म्हणत होतो, आजच्या दिवस टिक!

"बरोबर आहे!" देवराव तिकडून ओरडले. "दोन्ही बाजू सारख्याच!"

गीतांजलीनं 'आत्याबाई' उघडला. एक आकडा बदलला. फक्त एक. चौथी भिंत सरकली, पहिलीला जाऊन भेटली, आणि घरभर फरशी पसरली! या खोलीतून त्या खोलीत, पडवीत, थेट वट्ट्याच्या पायथ्यापर्यंत! मित्रांनो, तेव्हा माझा पंखा असा फिरला, की खाटेवरची लिंबाची पानं उडाली.

सगळे माझ्याभोवती वाकले. उत्तमराव म्हणाले, "अरे, हे तं आपलंच घर!" पार्बताबाईंनी पदर सावरून पडद्याकडे डोळे बारीक केले.

"हे कायचं भिताड ठेवलं गं मधातच?"

"भिताड नाई आत्याबाई, वट्टा आहे. जुड्या बांधाले. उभ्यानं."

पार्बताबाईंचा एक हात आपोआप गुडघ्यावर गेला, तो तिथंच राहिला. मग त्यांनी पडद्याच्या अगदी जवळ बोट आणलं.

"नळ डाव्या हाताले काहून? उजव्या हाताले पायजे."

गीतांजलीनं नळ उजवीकडे नेला, नकाशा जपून ठेवला, आणि त्याच क्षणी माझी बॅटरी संपली. काळ्या पडद्यात मला चौघांचे चेहरे दिसले. आणि त्यांच्या मधोमध पाचवा, इवलासा, शेव खाणारा.

आखजीला पाया खोदला गेला तो आमच्या नकाशानं. आज ते घर उभं आहे. पार्बताबाई वट्ट्याशी उभ्या राहून जुड्या बांधतात. "बाप्पा" अजून म्हणतात, पण सांबाराचा भाव पडला की. गावातले लोक घर बांधायचं म्हटलं की गीतांजलीला शोधत येतात. मापांचा कागद पुढं केला, की उत्तमराव आधी विचारतात, "काहो, नळीनं तं नाई ना मोजलं?"

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. त्याला ओलं फडकं लावू नका, त्याच्यावर बसून शेव खाऊ नका. आचलला एवढं माफ आहे. आणि तो अडला, काही जुळेना झालं, तर लगेच थपडा मारू नका, कपाटातही टाकू नका. त्याच्याजवळ जरा बसा आणि बघा, तो कुठली फट दाखवतोय. कुणास ठाऊक, त्या फटीतच कुणाचा तरी वट्टा तुमची वाट बघत असेल.