नेड बार्लोचं शेवटचं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सोनगीरला तानुबाई बोरसे यांच्या घरी पत्र्याची पेटी उघडली. कुलपाची किल्ली सापडत नव्हती, म्हणून कडी कापावी लागली. पेटीत साठ कादंबऱ्यांची हस्तलिखितं होती.

कादंबऱ्या प्रेमराज बोरसे यांच्या. प्रेमराज नाना एसटीत कंडक्टर होते, धुळे-जळगाव मार्गावर. सत्तर ते चौऱ्याण्णव या काळात त्यांनी अमेरिकेतल्या दरोडेखोरांवर साठ कादंबऱ्या लिहिल्या. एकोणसाठ छापून आल्या. खिशात मावणारी पुस्तकं, मुखपृष्ठावर घोडा, बसस्टँडवर विक्री. नाना नाशिकच्या पुढे कधी गेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी ते वारले. धुळ्यातल्या एका जुन्या वाचनालयाने त्यांचे कागद जपायला मागितले, आणि त्यासाठी वाचनालयाच्या मेघा सोनवणे त्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन आल्या होत्या.

जुनी हस्तलिखितं तिकिटांच्या हिशेबाच्या रद्द फॉर्मांवर होती. मेघाताईंनी चार पानं वाचली आणि विचारलं, "आजी, ॲरिझोनात कडुनिंब?"

"मंग घोडं कसाले बांधतीन?" तानुबाई म्हणाल्या.

नानांच्या ॲरिझोनात किल्ला होता, सोनगीरसारखा. नदी होळीपर्यंत आटायची. शेरीफ कळण्याची भाकरी खायचा. तानुबाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. नाना प्रत्येक कादंबरी लिहून झाली की त्यांना वाचून दाखवायचे, आणि त्या लसूण सोलता सोलता ऐकायच्या. एकोणसाठ त्यांनी शेवटापर्यंत ऐकल्या होत्या.

साठावी लग्नपत्रिकांच्या पाठीवर होती.

पत्रिका त्यांच्या मुलीच्या, रूपाच्या लग्नाच्या. लग्न १२ मे १९९४ ला, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. छापखान्याने पहिल्या दीडशे पत्रिकांत सकाळी अकरा पंचवीस छापलं. नव्या पत्रिका छापून दिल्या आणि चुकलेल्या नानांना फुकट दिल्या. पाठ कोरी होती. नानांनी दोन महिन्यांत त्यावर कादंबरी लिहून काढली. एका पत्रिकेवर एक पान, बॉलपेनने. नायक नेड बार्लो, आधीच्या आठ कादंबऱ्यांतला दरोडेखोर.

मेघाताईंनी पानं मोजली. एकशे एकतीस भरली. नानांच्या कामाच्या वहीत मात्र नोंद होती: 'पाने १४३. संपली. ९ मे.'

"बारा कमी आहेत," त्या म्हणाल्या.

 तानुबाईंनी सांगितलं ते असं. १० मे रोजी चांगल्या पत्रिका संपल्या आणि बारा घरं राहिली. फडताळात गठ्ठा दिसला, वर गणपती छापलेला. त्यांनी वरच्या बारा काढल्या, कुंकू लावलं, पाकिटात घातल्या आणि वाटून आल्या. लिहिलेलं पान पालथं ठेवायची नानांची सवय होती. त्यामुळे शेवटचं पान सगळ्यांत वर होतं.

"मंग नानांनी परत मागून नाही घेतल्या?"

"पोरच्या लग्ननी पत्रिका परत मांगतस का कोनी? तिन्हा संसारले बरं नही." नानांनी म्हणे एवढंच विचारलं होतं की कोणाकोणाला दिल्या. मंडपाच्या धांदलीत तानुबाईंना चारच नावं आठवली. नाना हसले आणि म्हणाले, जाऊ दे. पुन्हा लिहायला बसले नाहीत. दोनदा लिहिलेलं खोटं होतं, असं त्यांचं म्हणणं. तानुबाईंनी किती वेळा विचारलं, नेड मेला की वाचला? नाना म्हणायचे, "पानं सापडू दे, वाचून दाखवतो."

मेघाताईंनी देणगीपत्र पुढे केलं. तानुबाईंनी पेन बाजूला सारलं.

"अपुरं मी कोन्हले देवाव नही. नेड्या जित्ता शे का मरना, ते आधी माले समजू दे."

वाचनालयाची गाडी कागद न्यायला २२ तारखेला येणार होती. एकोणीस दिवस.

रूपा जळगावला पिंप्राळ्यात राहते, शाळेत शिकवते. त्या रात्रीच्या जेवणाआधी तिला फोन गेला. आईचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आई, माझ्या संसाराला तीस वर्षं झाली. सून आली घरात. आता काय व्हायचं राहिलंय? खुशाल मागा परत."

प्रश्न राहिला, बारा घरं कोणती. तो सुटला गुरुवारी, पिंप्राळ्यातच, दानिश शेख यांच्या दुकानात. दानिश जुन्या व्हिडिओ कॅसेटी उतरवून देतात. रूपाने लग्नाची कॅसेट त्यांच्याकडे दिली होती, आईला दाखवू म्हणून. कॅसेट चालू असताना दानिशनी विचारलं, "ताई, लग्न गोरजचं ना?"

"हो."

"मग ही माणसं अशी का बसलीत? भिंतीवरचं घड्याळ बघा. अकरा वाजलेत. मांडव अजून अर्धा आहे, आणि हे लोक फेटे बांधून तयार."

पडद्यावर अकरा कुटुंबं नटूनथटून बसली होती. मे महिना, पंखा एक. एक काका झोपले होते. कुंदाबाई नावाच्या तानुबाईंच्या मैत्रिणीने पदराने वारा घेत कॅमेऱ्याकडे असं बघितलं होतं, की कॅमेरावाला लगेच दुसरीकडे वळला.

रूपाने व्हिडिओ आईच्या फोनवर पाठवला. तानुबाईंनी तो तीनदा बघितला आणि टाळी वाजवली. "हाई त बठ्ठा चुकेल पत्रिकावाला! मी म्हनू, एवढा लवकर कसाले उनात? पोहे कमी पडनात मन्हा!"

शनिवारपासून तानुबाई, मेघाताई आणि भाड्याची एक रिक्षा, अशी शोधमोहीम सुरू झाली. तीस वर्षांनी पत्रिका कोणी ठेवतं का, अशी मेघाताईंना शंका होती. तानुबाईंना नव्हती. पत्रिकेवर गणपती आहे, तो कचऱ्यात कोण टाकेल? एक तर घरात असेल, नाही तर तापीत सोडला असेल.

पहिली सापडली दोन गल्ल्या पलीकडे, मदिनाबींच्या ट्रंकेत, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर. पान १३९. मदिनाबींना ते पाठ होतं. "नेडच्या खांद्याला गोळी लागली, आणि त्याने घोड्याला पाणी पाजलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे स्वतःच्या वाटचं. मी रडले होते, तानुआक्का. पुढे काय झालं?"

"तेच तर शोधी राह्यनू, माय!"

पुढच्या सहा दिवसांत सात पानं आली. एक पंचांगात होतं. एक धुळ्यातल्या देवपुरात, धान्याच्या डब्याच्या तळाशी अंथरलेलं. एका घरात सत्कार झाला आणि नारळ मिळाला, पान मिळायला दोन तास लागले. दोन कुटुंबांनी पत्रिका जुन्या तसबिरींबरोबर तापीत सोडल्याचं सांगितलं. मागचा मजकूर त्यांना थोडा आठवत होता; त्यावरून ती पानं १३४ आणि १३६ असणार, असं मेघाताईंनी ठरवलं. एकूण अकरा घरांपैकी दहांचा निकाल लागला. अकरावं घर कुंदाबाईंचं. ते कुटुंब अठ्ठ्याण्णव सालीच सुरतेला गेलं होतं, पत्ता नव्हता.

आणि बारावं घर व्हिडिओत नव्हतंच.

"लवकर आलेले अकरा," मेघाताई म्हणाल्या. "बारावा वेळेवर आला असेल का?"

तानुबाईंनी मान हलवली. "बारावा उनाच नही." त्यांना नाव माहीत होतं. अभिमन. नानांचा चुलत भाऊ, शिंदखेड्याचा. लग्नाला आला नाही, आणि त्यानंतर नानांशी एक शब्द बोलला नाही. का, ते कोणालाच कळलं नव्हतं. त्या साली दोघांत शेताच्या बांधावरून कुरकुर होती, पण तेवढ्यासाठी कोणी लग्न टाळत नाही.

रविवारी, १६ तारखेला, दुपारी एक वाजता रिक्षा शिंदखेड्याला अभिमन आबांच्या दारात थांबली. आबा एक्क्याऐंशी वर्षांचे. ओट्यावर बसले होते. तानुबाईंना बघून उठले नाहीत, पण सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"भाऊ, रूपानी पत्रिका शे का तुमनापान?"

आबा आत गेले आणि पाकीट घेऊन आले. ते इतक्या पटकन आले, की पाकीट रोज हाताशी असावं. "शे ना. पुरावा शे तो. वाचा, बाई, तुम्ही शिकेल शेतस. मोठ्याने वाचा."

मेघाताईंनी पाठ उलटली. पान १३८. त्यांनी वाचलं:

"'उद्या दुपारी बारा वाजता नदीच्या पात्रात ये. एकटा ये. बंदूक असेल तर आण. आपल्या दोघांत जे आहे ते संपवून टाकू.'"

"ऐका!" आबा म्हणाले. "पोरना लग्ननी पत्रिका, आनि मांगे हाई! कोन्हा भाऊ आसं लिखस?"

"आबा, याच्या खाली—"

"मी गऊ व्हतू! बंदूक नव्हती, काठी लिसनी गऊ. बुराई नदीना पात्रमा तीन तास हुभा राह्यनू, मे महिनाना उन्हमा. तो उनाच नही. भित्रा!"

"आबा, खालची ओळ वाचते. 'एवढं लिहून शेरीफने चिठ्ठीची घडी केली आणि ती नेड बार्लोच्या घोड्याच्या खोगिरात खोचली.'"

 सून चहा घेऊन दारात थबकली.

"शेरीफ?" आबा म्हणाले.

"भाऊ, तुम्ही खालनं वाचंच नही?" तानुबाईंनी विचारलं.

"चार ओयी वाचनू. पुढे वाचाले काय ठेवेल व्हतं?"

तानुबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. सून हसली, रिक्षावाला हसला. आबा शेवटी हसले, पण त्यांचं हसू मधेच थांबलं. त्यांनी पत्रिका मेघाताईंच्या हातून घेतली, अंगठ्याने पुसली.

"मंग मी तीस वरीस कोन्हासंगे भांडत व्हतू?"

"नेड बार्लोसंगे," तानुबाई म्हणाल्या. "आनि तो बी तुमनी वाट देखत व्हता, दुसऱ्या नदीमा."

आबांनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, शेरीफशी नेडची गाठ पडली का, कोण वाचलं. मेघाताईंनी मिळालेली नऊ पानं क्रमाने लावून ओट्यावरच वाचली. पान १४२ असं संपत होतं: शेरीफने बंदूक उचलली. नेडची बंदूक रिकामी होती. त्याने टोपी काढली, घोड्याच्या मानेवर ठेवली, आणि म्हणाला,

पुढचं वाक्य पान १४३ वर. ते कुंदाबाईंकडे.

"मरी जाई तो," आबा म्हणाले. "बंदूकच रिकामी शे."

"मराव नही. मन्हा नवरा त्याले मारता नही."

"सुरतेला मन्हा मेहुणा शे, मिलमा. मी काढस पत्ता." आबांनी तिथूनच फोन लावला. न बोललेली तीस वर्षं त्यांनी त्या एका तासात भरून काढायची असं ठरवलेलं दिसलं. एका नंबरवरून दुसरा, तिसरा, चौथा.

बुधवारी, १९ तारखेला, सकाळी नऊ वाजता मेघाताईंच्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारे लोटन, कुंदाबाईंचे चिरंजीव, उधना, सुरत. फोटोत पत्रिकेची पुढची बाजू होती. गणपती, वधूवरांची नावं, सकाळी अकरा वाजून पंचवीस मिनिटे. मेघाताईंनी लिहिलं, कृपया मागची बाजू पाठवा.

लोटननी फोन केला. "ताई, मागची बाजू दिसत नाही. आईने पत्रिका देव्हाऱ्याच्या दाराला चिकटवलीय. गणपती छान होता म्हणून."

"कशाने चिकटवलीय?"

मागून कुंदाबाईंचा आवाज आला. "गव्हाच्या पिठाच्या खळीने! आणि त्या तानुला सांग, सात तास उपाशी बसवलं होतंस आम्हाला, विसरले नाही मी!"

खळ असेल तर ओल्या टीपकागदाने सुटेल, बॉलपेन पसरणार नाही, असं मेघाताईंचं मत पडलं. पण ते काम त्यांच्या हातून व्हायला हवं. लोटन म्हणाले, दाराला दोनच बिजागऱ्या आहेत. दारच घेऊन येतो. कुंदाबाई म्हणाल्या, देव्हारा बिनदाराचा ठेवशील तर शुक्रवारीच जा, आणि शनिवारी परत ये.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. तानुबाई, रूपा आणि मेघाताई दुपारी दोन वाजल्यापासून नरडाणा स्टेशनवर आहेत. रूपाने जळगावहून भरीत-पुरी आणली आहे. मेघाताईंच्या पिशवीत टीपकागद, वाटी आणि मऊ कुंचला. देणगीपत्रही आहे, सही न झालेलं. मदिनाबींनी निकाल लगेच कळवा म्हणून दोनदा फोन केला आहे.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी अभिमन आबांचा फोन आला. ठरलं नसताना ते शिंदखेड्याला, लोटन येत होते त्याच गाडीत चढले होते. दार आता त्यांच्या मांडीवर होतं.

"वहिनी, एक कोपरा सुटेल शे. थोडा वर करू का?"

"हात लावू नका!" तिघी एकदम ओरडल्या. फलाटावरच्या दोन माणसांनी वळून बघितलं.

"हात नही लावना. वाकीसन देखनू फक्त. खाले एक शब्द दिसी राह्यना."

"काय शब्द?"

आबांनी चष्मा शोधला. गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. लोटन काहीतरी सांगत होते.

"'समाप्त'," आबा म्हणाले. "नानाना अक्षर शे."

तानुबाईंनी फोन रूपाकडे दिला, पदर सावरला आणि रुळांच्या दिशेने दोन पावलं पुढे गेल्या. शिंदखेड्याहून नरडाण्याला पंधरा मिनिटं लागतात. तीन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा सिग्नल पडला होता. गाडी दिसत नव्हती.