एकशे अडुसष्ट व्होल्ट

तुकाचं चुकलं ते एकच. त्याने काट्यावर विश्वास ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत जव्हारच्या एका शाळेत वायरमनच्या परवान्याची परीक्षा होती. टेबलावर विजेची एक शेगडी आणि तिला जोडलेले दोन मीटर. एक व्होल्ट दाखवणारा, दुसरा अँपिअर. काटे वाचायचे, भागाकार करून रोध काढायचा, गुणाकार करून वॅट काढायचे आणि कागद साहेबांपुढे ठेवायचा. एवढ्याशा गणितावर खोडाळ्याच्या नव्या लाइनीवरची कायमची नोकरी टांगलेली होती.

तुकाने नऊ वर्षं, मिळेल तेव्हा रोजंदारीवर, विजेच्या खांबांसाठी खड्डे खणले होते. गणित त्याला तय्यबने शिकवलं. तय्यब म्हणजे जव्हारच्या बाजारातला रेडिओ दुरुस्त करणारा, सरळ मनाचा माणूस. दोन पावसाळे त्याने दुकानाच्या पायरीवर बसवून तुकाकडून हिशेब घोटून घेतला. "पुस्तक चुकेल, माणूस तर खोटं बोलतोच," तो म्हणायचा, "पण काटा खोटं बोलत नाही, भावा." आज तोही परीक्षा द्यायला आला होता.

बाहेर जांभळीखाली तुकाची बायको मालू नागलीच्या भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. गेल्या साली ही दोघं वीटभट्टीवर गेली आणि तिथे त्यांची चार वर्षांची मंगळी तापाने गेली. पोरीला पुरून आल्यावर मुकादमाने दोघांना त्याच दुपारी विटा रचायला लावलं. त्याचं वाटोळं होवो! यंदा मालूने सांगून टाकलं होतं, "मरेन, पण त्या भट्टीवर पाय ठेवणार नाय." सोमवारी मुकादमाचा ट्रक यायचा होता. परवाना मिळाला तर ट्रक रिकामा जाणार होता.

तुकाची पाळी आली. आपला कागद देऊन परत जाताना तय्यब त्याच्या कानाशी कुजबुजला, "तुका, शेगडीची पाटी बघून लिही. काटा बघू नको."

शेगडीच्या पाटीवर कोरलं होतं, २३० व्होल्ट, १००० वॅट. तुका हसला. त्याला वाटलं, तय्यबभाई आपली गंमत करतात. त्याने डोळ्यांत तेल घालून काटे वाचले. एकशे अडुसष्ट व्होल्ट, तीन पूर्णांक दोन अँपिअर. रोध साडेबावन्न ओहम. पॉवर पाचशे सदतीस वॅट आणि वर थोडे. दोनदा ताळा करून त्याने कागद पुढे केला.

"एकशे अडुसष्ट?" परीक्षक साहेबांनी भुवया चढवल्या. "गावात दोनशे तीस येतात."

"काटा बघा ना, साहेब."

साहेब वाकले. बघितलं. त्यांना सगळं कळलं, अगदी लख्ख कळलं! मूर्ख असते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण शेजारच्या खुर्चीत इथल्या वीज कचेरीचे साहेब बसले होते आणि ते दर महिन्याला वर लिहून पाठवत की जव्हारला दोनशे तीस मिळतात. परीक्षकांचं दुपारचं जेवणही त्यांच्याच घरी होतं.

"दोनशे तीसच आहेत," परीक्षक म्हणाले. "बाकी सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"पण साहेब, त्यांचा रोध किती आला? त्रेपन्नच्या आसपास ना? माझापण तितकाच आला. मीटर बिघडलेला असता तर हे जुळलं असतं काय?"

बरोबर बोलला. आणि तिथेच मेला. मग वीज कचेरीचे साहेब मोठ्याने हसले. "खड्डे खणणारा आता आपल्याला ओहम शिकवणार!" ते हसले म्हणून बाकीचेही हसले.

"तय्यबभाई, तुम्ही सांगा ना," तुका म्हणाला.

तय्यब आपल्या चपलेकडे बघत राहिला. त्याच्या घरी तीन मुली होत्या, सगळं खरं. तरी मी त्याला भ्याडच म्हणेन.

परीक्षकांनी तुकाच्या कागदावर लाल शाईने "नापास" लिहिलं.

परीक्षा संपली आणि साहेबांना चहाची तल्लफ आली. त्याच शेगडीवर पातेलं चढवलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पाणी नुसतं कोमट. त्यात बाजारातली भाताची गिरणी सुरू झाली, व्होल्ट आणखी पडले आणि शेगडीची तार पार काळवंडली.

"अहो, ही शेगडी आहे की देवघरातली समई?" परीक्षक वैतागले.

हजार वॅटची शेगडी निम्म्यावर चालली होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

"ए, खड्डेवाल्या!" वीज कचेरीचे साहेब ओरडले. "बाहेर तीन दगड मांड आणि चहा टाक."

तुका पातेलं घेऊन बाहेर आला. त्याला बघून मालू धावलीच. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं.

"साहेबाचा चहा तुझ्या हातचा? एवढ्या माणसांतनं तुलाच सांगितला? म्हंजे पास झालास ना रं?" काटक्या गोळा करता करता ती बोलतच होती. "सोमवारी मुकादमाला मीच सांगन. तू नको बोलू. मीच सांगन त्याला, ने तुझा ट्रक!"

तुकाने काडी ओढली. जाळ धरेपर्यंत तो खालीच बघत होता.

"सोमवारी भाकऱ्या जास्त थाप," तो म्हणाला. "वाटेत लागतील."

गुडघे टेकून मालू चूल फुंकायला लागली आणि पाण्याला उकळी येईपर्यंत फुंकत राहिली. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"वा! चुलीवरच्या चहाला तोड नाही," परीक्षक साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी अर्धा कप मागितला.