भिंतीतली पाचर

"ओ, पापड हायेत ते! वाळू घातले, खेळाले नाई!" केसरबाई दारातूनच ओरडली.

सोमाजीने मान वर केली नाही. अंगणात त्याने दोन विटा अंतर ठेवून मांडल्या होत्या आणि त्यांवर तांदळाचे पाच ओलसर पापड एकावर एक आडवे टाकले होते. समोर रिना उकिडवी बसली होती. आरमोरीकडची पोर, इंजिनिअर होऊन कोळसा खाणीत शिकाऊ साहेब म्हणून आलेली. पूर्वी बाईमाणसाला खाणीत उतरायची परवानगीच नव्हती. आता होती, आणि दिवाळीपासून ही रोज सोमाजीच्या मागे मागे खाली जात होती. आज रविवार, तर घरीच येऊन बसली.

"या विटा म्हंजे कोळशाचे खांब," सोमाजी तिला सांगत होता. "मंधात आपली गॅलरी, चालाची वाट. अन् पापड म्हंजे छताच्या परता. खालून पाह्यलं तं एकच दगड वाटते. पण कोळसा काढला का खालची परत आपल्याच वजनानं झुकते. वरची तितकी झुकत नाई. मंग दोघींच्या मंधात फट पडते. दिसत नाई ते. लोखंडी सब्बलीनं ठोकाचं. टण्ण वाजलं तं एकजीव. भद्द वाजलं तं..."

"तं पळाचं!" रिना हसली.

सोमाजीही हसला. खराट्याची काडी घेऊन त्याने पाचही पापडांतून आरपार टोचली. "हा बोल्ट. आता साऱ्या परता एकमेकींले धरून राह्यतीन."

पापडांची भोकं केसरबाईने कदाचित सोसली असती, त्याचं हे बोलणं नाही.

लग्न होऊन या क्वार्टरमध्ये आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सोमाजी पाळीवरून काळाठिक्कर होऊन आला. पाणी काढून देता देता तिने विचारलं होतं, "खाली कसं असते जी?"

"अंधार असते," तो म्हणाला आणि त्याने डोक्यावर तांब्या ओतला. चौतीस वर्षांत त्यात एका शब्दाची भर पडली नव्हती. खाणीतलं छत ठोकून ते किती वेळ टिकेल हे सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. तेही तिला शेजारच्या कलाबाईकडून कळलेलं. एवढं बोलता येत होतं तर या माणसाला!

आणि ती पोरगी! त्याच्याशी बोलायचं म्हटलं की वळून अगदी तोंडासमोर तोंड आणत होती. केसरबाईने चहा टाकला. रिनाच्या कपात साखर घातली नाही.

गॅसशेगडीच्या वर भिंतीत एक लांब भेग होती. खालून कोळसा गेला की वरची जमीनही बसते, तशी पडलेली. सोमाजीने तिच्यात लाकडाची छोटी पाचर ठोकली होती. भेग रुंदावली की पाचर निसटून पडते. खाणीत छताच्या भेगेत अशीच लावतात. खालून त्याने घरी आणलेली एवढीच एक गोष्ट. दोन वर्षांमागे एका दुपारी ती पाचर त्याच्या पाठीमागे रिकाम्या परातीत खणकन पडली, आणि तो वरणभात कालवत राहिला.

त्याला ऐकू येत नाही हे तिला त्या दिवशी कळलं. तिने पाचर उचलून गुपचूप पुन्हा ठोकली. कोणाला सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही. दारावर कोणी आलं की त्याच्या खांद्याला हात लावायचा, फोन आपणच घ्यायचा. त्याची ही एकच गोष्ट अशी होती की जी जगात फक्त तिला ठाऊक होती.

रिना रिकामे कप घेऊन आत आली. "काकू, चाय मस्त झालती."

बिनसाखरेचा चहा मस्त म्हणते! केसरबाईचा तोल गेला. "लय शिकून राह्यली ना त्याईच्यापाशी? तुले एक तरी गोष्ट माहीत हाय काय वो त्याईची? त्याईले आयकू येत नाई! बहिरे हायेत ते!"

म्हणून गेली आणि तिने अंगणाकडे वळून बघितलं.

रिनाने कप हळूच मोरीत ठेवले. "माहीत हाय मले, काकू. म्हनून तं समोर होऊन बोलते. ओठ पाह्यतात ते."

"कोनं सांगतलं?"

"त्याईनंच. होळीच्या आठवड्यात काका म्हनले, छत चांगलं हाय. मी ठोकलं तं भद्द वाजलं. पट्टा धरून मांगं वढलं त्याईले. छताची परत आली खाली, तुमच्या बाजेएवढी. मंग तिथीच बसले अन् सांगतलं. मोठ्या साहेबालेबी सांगतलं. आता मी ठोकते, ते वर हात लावून हादरा पाह्यतात." तिने केसरबाईकडे पाहिलं. "तुमाले नाई सांगतलं काय?"

केसरबाईच्या मनात आधी आलं ते एवढंच, की हिला सांगितलं. साऱ्या खाणीला सांगितलं. छताची ती बाजेएवढी परत मनात नंतर आली. दोन वर्षं ती त्याचं बहिरेपण पदराखाली झाकून बसली होती, आणि तो रोज त्याला ऐकू न येणाऱ्या छताखाली उभा राहत होता.

रिना गेल्यावर सोमाजी आत आला. केसरबाईने भेगेतली पाचर उपटली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मग त्याच्यासमोर उभी राहून, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत म्हणाली, "हे पडली होती. दोन साल झाले. तुमाले आयकू नाई आली."

त्याने पाचर उलटसुलट करून पाहिली आणि ओट्यावर ठेवली. मग भेगेशेजारी भिंतीवर उजवा तळहात सपाट टेकवला आणि डाव्या हाताने लाटणं तिच्यापुढे धरलं.

"ठोक."

तिने ठोकलं.

"कसं वाजलं?"

चौतीस वर्षांत त्याने तिला असं काही विचारलं नव्हतं. तिने भिंतीला कान लावला. आता तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"मले आधी सांगाचं होतं," ती भिंतीला म्हणाली.

त्याचा तळहात जागचा हलला नाही.

"अजून एकडाव ठोक," तो म्हणाला.