भार्गवीला बेंच मिळाला

यशवंतपूरला आमचा कारखाना होता, तेव्हा बेंच ही मानाची जागा होती. लाकडाची जाड फळी, तिच्यावर पक्का बसवलेला, काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी व्हाइस आणि समोर उभा राहून कानस चालवणारा कारागीर. उमेदवारी संपवून ज्याला स्वतःचा बेंच मिळे, त्याच्या नावाने आमचे यजमान अप्पासाहेब नारळ फोडीत आणि मी धारवाडी पेढे वाटीत असे. आमच्या हयवदन नावाच्या उमेदवाराला बेंच मिळाला, त्या दिवशी त्याची आई डोळे पुसत माझ्या पाया पडली होती. पुढे तो स्वतःचे वर्कशॉप काढायला निघाला, तेव्हा अप्पासाहेबांनी तो बेंचच त्याच्यासोबत धाडला आणि पुन्हा पेढे वाटायला लावले. कानशीचा तो आवाज आजही दुपारी मला ऐकू येतो.

म्हणून माझी नात भार्गवी फोनवर "मी बेंचवर आलेय" असे म्हणाली, तेव्हा मला काही विचारण्याची गरज वाटली नाही. जे. पी. नगरच्या आमच्या इमारतीत त्या संध्याकाळी हळदीकुंकू होते. मी पेढे मागवले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "आमच्या भार्गवीला कंपनीत बेंच मिळाला."

पुण्याहून नुकतीच राहायला आलेली उल्का खुदकन हसली. "अय्या आजी, बेंचचे पेढे?" दारात उभ्या असलेल्या भार्गवीकडे लक्ष जाताच तिने हसू आवरले.

घरी आल्यावर भार्गवीने दार लावून घेतले. "आजी, आमच्याकडे बेंचवर म्हणजे बिनकामाचा माणूस. रोज बेळ्ळंदूरला ऑफिसात जायचं, लॅपटॉप उघडायचा आणि मॅनेजरांना मेसेज करत बसायचं, मला प्रोजेक्टवर घ्या म्हणून."

"पगार देत नाहीत?"

"देतात की. म्हणून तर रडताही येत नाही."

"आणि काम असते तेव्हा?"

"लोकांच्या कारखान्यांना सल्ला द्यायच्या स्लाइड बनवायच्या. कारखाना न बघता."

ही मुलगी यंत्रांचे शिक्षण घेतलेली. सोमवारपर्यंत तिला कळवायचे होते: इतरांच्या स्लाइड सजवून देणाऱ्या विभागात जायचे, की राजीनामा द्यायचा. माझा मुलगा वासुदेव म्हणाला, "मुकाट्याने हो म्हण. केवढं नाव आहे कंपनीचं!"

"बाबा, हयवदनअण्णा मला डिझाइनला बोलावतायत."

"आमच्या उमेदवाराच्या हाताखाली? आई, आता तूच सांग हिला."

खरे सांगायचे तर मलाही ते लागले. त्या कंपनीचे नाव सर्वांत अधिक मीच मिरवले होते. पण हयवदनच्या आईचे ते डोळे मला आठवले. मुलाला उभे राहायला स्वतःची जागा मिळाली, एवढ्यासाठी ती माउली रडली होती. माझ्या नातीला एवढ्या मोठ्या इमारतीत तशी जागा नव्हती.

"वासुदेव, फोन लाव."

हयवदनचा आवाज आता थकला आहे. "अक्का, काय सेवा?"

"माझी नात तुझ्याकडे येते आहे. लाड करायचे नाहीत. तिला उभे राहायला बेंच आहे ना?"

"आहे की, अक्का. अप्पासाहेबांनी दिलेलाच."

"सरी, बरं," एवढेच म्हणून मी फोन वासुदेवच्या हातात दिला.

सोमवारी भार्गवीने राजीनामा दिला. त्याच संध्याकाळी मी पुन्हा धारवाडी पेढे मागवले आणि त्याच बायकांच्या दारी स्वतः गेले. सर्वांत आधी उल्काकडे.

"आमची भार्गवी बेंचवरून उठली."

"अय्या, प्रोजेक्ट मिळालं?"

"नाही. नोकरी सोडली. हयवदनच्या वर्कशॉपमध्ये जाते आहे."

या खेपेस उल्का हसली नाही. तिच्या गळ्यात तिच्या कंपनीचे ओळखपत्र तसेच होते. नुकतीच कामावरून आली असावी. आत सोफ्यावर तिचा नवरा लॅपटॉप मांडीवर घेऊन कुणाला तरी फोनवर 'सर, मला प्रोजेक्टवर घ्या ना' म्हणत होता. तिने एकदा मागे वळून पाहिले.

"आजी," ती हळूच म्हणाली, "दोन घेऊ?"