बिजागरीत घातलेलं तेल

मी एक जुना दरवाजा आहे. मला खोली नाही, उंबरठा नाही आणि खरं सांगायचं तर मित्रही नाहीत. पण आत्मवृत्ताची रीत आहे, म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो.

सुताराने मला चौकटीसकट चाकांच्या पाटावर बसवलं आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ढकलून दिलं. तिथे अंतराळवीरांची एक श्राव्यमालिका वर्षानुवर्षे चालू आहे. नायक म्हातारे झाले, तरी यान काही घरी परतलं नाही. यानाच्या दाराचं काम सायकलचा पंप करतो. फुस्स केलं की झालं! यान भूतकाळात उतरलं, तरच माझी पाळी. किल्ला, तुरुंग, राजवाडा, सगळं मीच. माझी कुरकुर ऐकून श्रोत्यांच्या अंगावर काटा यायचा. मला उघडायच्या आत्याबाई. दारं, पावलं, वारा, मालिकेतले असले सगळे आवाज त्याच काढतात.

दिग्दर्शक त्यांचा सख्खा भाचा. त्याला इतिहासही नको होता आणि आत्याही.

"हा तुरुंगाचा भाग आपटला, की भूतकाळ बंद," त्याने सर्वांदेखत सांगितलं. "आवाज यंत्रातून घेऊ. तू घरी आराम कर."

मग भाग पडावा म्हणून मुद्रणाच्या दिवशी तो सर्वांआधी आला. लोक डोळ्यांत तेल घालतात, या गृहस्थाने माझ्या बिजागरीत घातलं.

लाल दिवा लागला. तो लागला, की संवादाखेरीज कुणी शिंकायचंही नाही.

"कैद्याला बाहेर काढा!" पहारेकरी गरजला.

आत्याबाईंनी मला ओढलं. मी तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प. दार वाजलं नाही, तर श्रोत्याच्या लेखी ते उघडलंच नाही. कैदी काय भिंतीतून येणार? भाचा खुर्चीत रेलून हसला.

आत्याबाईंनी माझी बिजागरी चाचपली, बोटं हुंगली. मग त्या त्याच्या मागे गेल्या आणि त्याच्यासकट खुर्ची मागे वाकवली. कर्रर्र! असा तुरुंग कुणी जन्मात ऐकला नसेल. भाच्याचे पाय हवेत, डोळे पांढरे. पण दिवा लाल, ओरडणार कसा?

दिवा विझल्यावर तो किंचाळला, "पडलो असतो ना, आत्या!"

"तेल घालताना हा विचार करायचास, मेल्या."

"मी दाराची काळजी घेतली!"

"तुझीही घेईन हो."

भाग गाजला. भूतकाळ राहिला, आत्याबाई राहिल्या. आणि माझी भूमिका? ती त्या फाटक्या पाठीच्या खुर्चीला मिळाली! मी बाहेर बोळात उभा आहे, माझ्यावर ओले रेनकोट टांगतात. तिचं नाव काढलं तरी माझं लाकूड फुगतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं बाकीची आत्मवृत्तं सांगतात. मी सांगतो, आधी विचारा. न विचारता काळजी घेणाऱ्याचे हात हुंगून बघा.

काल भाच्याने माझ्यावर कोट टांगला आणि मी, किती दिवसांनी, हळूच कुरकुरलो. आत आत्याबाईंनी मान वळवली. भाचा तेलाचा डबा शोधायला धावला.

डबा केव्हाच आत्याबाईंच्या पर्समध्ये गेला होता.