मुळी न दिलेला उंदीर

म्हशाच्या जत्रेत त्या साली बैलांपेक्षा उंदरांभोवती गर्दी जास्त होती. उंदीरही साधेसुधे नव्हेत. पांढरेशुभ्र, डोळे गुंजेसारखे लाल. जन्मभर बांधातले काळे उंदीर मारत आलेल्या माणसांनी ते पाहिले आणि हात जोडले. "गणपतीचं वाहन हाय!" कुणीतरी म्हणालं. ते उंदीर आणि जडीबुटी घेऊन बसलेल्या महाराजांना तेवढं पुरे झालं.

"या गडूत बारा नागांचं जहर!" समोरच्या तांब्याच्या गडूवर वाकून ते गरजले. "नुसत्या वासानं हत्ती आडवा होईल, आणि माझी मुळी लागली तर मढं उठून गप्पा मारील!" हत्ती आडवा व्हायचा म्हणे, पण गडूवर वाकलेले महाराज ठणठणीत होते. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उंदीर गडूत गेला, झाकण पडलं, मंत्र झाला. बाहेर काढला तेव्हा तो ओल्या चिंधीसारखा लोंबत होता. महाराजांनी त्याच्या नाकाला मुळी लावली. हळूहळू मिशा हलल्या, मग पाय हलले, आणि उंदीर उठून पळू लागला. जयजयकाराला ऊत आला.

गर्दीच्या कडेला बैलगाडीत देवकी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आदल्या दिवशी गवत कापताना भिमाला फुरसं चावलं होतं. महाराजांची मुळी दंडाला बांधली, तरी पाय मांडीपर्यंत सुजला, आणि सकाळपासून हिरड्यांतून रक्त येत होतं. "जहर बाहेर पडतंय," महाराज म्हणाले होते. "पण म्हशाची शीव ओलांडलीस तर मुळी उलटेल." देवकी रक्त पुसत राहिली. पदर लाल झाला, तरी ते थांबेना.

भिमाची मामेबहीण गीता मुंबईत वाढलेली, कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी. जत्रेला आली आणि गाडीतला प्रकार पाहून तशीच गाडीत चढली.

"वयनी, कल्याणची मोटार उभी आहे. तिथल्या दवाखान्यात सापाच्या विषावर लस मिळते. ऊठ!"

"आन् मुळी उलटली तर? गीता, उंदीर उठला तो मी माझ्या डोळ्यांनी बगितला गो!"

गीता म्हणाली, "असेच पांढरे उंदीर आमच्या प्रयोगशाळेत आहेत. जंगलातल्या मुळ्या कुटून त्यांना देतात. काही मुळ्या खऱ्याही निघतात. पण तिथं उंदीर नेहमी दोन घेतात. एकाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत."

"दुसरा कशाला?"

"चल, दाखवते."

गर्दीत शिरून तिनं दोन उंदीर गडूत सोडायला सांगितलं. एकाला मुळी लावायची, दुसऱ्याला नाही. महाराज कां-कूं करू लागले. लोकांनाच चेव चढला. "होऊ द्या, महाराज! दुसरा मरू द्या, म्हंजे या शिकलेल्या बाईची खातरी पटंल!"

दोन्ही उंदीर लोळागोळा होऊन बाहेर आले. आणि बिनमुळीचा आधी उठला.

लोक महाराजांकडे पाहू लागले. महाराज मात्र कसलेले. "अरे, दोघांवर माझी नजर पडली! मुळी तर निमित्त आहे!" लोकांना ते पटलंही. पुन्हा जयजयकार झाला, आधीपेक्षा मोठा.

देवकी ओरडली, "मंग कालधरनं माज्या घरधन्यावर का नाय पडली तुमची नजर?"

तिनं भिमाच्या दंडावरची मुळी तोडून फेकली आणि चौघांच्या हातांनी त्याला मोटारीत चढवलं. वाटेत गीतानं सगळं उलगडून सांगितलं: गडूत जहर नसणार, ऑपरेशनआधी रोग्याला हुंगवतात तसलं औषध असणार. हवा लागली की उंदीर आपोआप शुद्धीवर येतो.

भिमा कल्याणच्या दवाखान्यात दगावला. "काल आणायला हवा होता," डॉक्टर म्हणाले.

गावानं वेगळाच निकाल दिला. शीव ओलांडली म्हणून मेला. सासूही तेच बोलली. एकटी असली की देवकीच्या मनातही ते यायचं.

उन्हाळ्यात ती तानसा तलावाजवळच्या माहेरी आली. शहापूरच्या बाजारात तोच गडू, तेच उंदीर. मुळी आता तापावरही चालू लागली होती. महाराजांच्या पुढ्यात एक बाई फणफणलेलं पोर घेऊन बसली होती.

देवकी गर्दी सारून पुढं झाली. "दोन उंदीर घाला. कुणालाच मुळी नको. मंतर नको. आन् म्हाराजांच्या डोळ्यांना ह्यो पदर फाडून बांधा."

"देवाची परीक्षा बघतेस?" महाराज कडाडले. पण बाजाराला गंमत हवी होती. "बांधा की! देवाला काय भ्या?"

पदराची पट्टी बांधली. उंदीर लोळले. मुळी नाही, मंत्र नाही, नजर नाही. तरी दोन्ही उंदीर उठून पळाले. देवकीनं झाकण उलटं केलं. आत चिकटवलेला कापसाचा बोळा निघाला, ओला आणि उग्र वासाचा. "ह्ये तुमच्या बारा नागांचं जहर."

ती पोरवाल्या बाईकडं वळली. "बाय, मुळीनं बरं वाटलं म्हनतील, तवा मुळी न देता काय झालं असतं त्ये आधी इचार. म्या इचारलं, पन येक दिस उशिरा."

बाईनं पोर खांद्यावर घेतलं. "दवाखाना कुनीकडं हाय?" तिनं विचारलं. देवकी तिच्याबरोबर चालू लागली.